फडेप्पा चौगुले यांची धाव

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे गाव खारघर नगराच्या पोटात आता बहुतेक सामावून गेले आहे. तथापि पहाटे, इमारतींतील दिवे लागण्यापूर्वी, डोंगराची काळी कड दिसू लागली म्हणजे ते आपल्या जुन्या जागी असल्यासारखे वाटते. त्या वेळी तेथील रस्त्यावर काही तरुण धावत असतात. पोलीस भरतीची तयारी हा त्यांचा हेतू. सोळाशे मीटरांचे अंतर त्यांनी रस्त्याच्या कडेने चुन्याच्या खुणा करून आखून घेतले आहे, आणि शेवटच्या खुणेपाशी एक जण हातात मोबाईल घेऊन उभा असतो. धापा टाकीत येणारा प्रत्येक जण पोहोचताच एकच शब्द उच्चारतो : "किती?" उभा असलेला मिनिटे व सेकंद सांगतो, आणि त्या आकड्यावरून धावणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसापुरता उजेड किंवा अंधार पडतो.

एके दिवशी ही मंडळी दम घेत बसली असता आम्ही त्यांस सहज विचारले, की भारतातर्फे ऑलिंपिकची मॅरेथॉन धावून पुरी करणारा पहिला मनुष्य कोण? एकाने मिल्खासिंगांचे नाव घेतले, दुसऱ्याने अविनाश साबळ्यांचे. दोन्ही नावे मोठी. परंतु मिल्खासिंगांचे अंतर चारशे मीटर, आणि साबळे तर या मुलांच्याच काळातले. आम्ही म्हणालो, "फडेप्पा चौगुले. बेळगावचे. सन १९२०." मुलांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. इतिहास हा विषय आम्ही जवळजवळ तीस वर्षे शिकवीत आलो. सन १९२० हे साल वर्गात शेकडो वेळा फळ्यावर लिहिले. आणि त्या सालाखाली हे नाव एकदाही लिहिले नाही. ती उणीव थोडीबहुत भरून काढावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

ऑलिंपिकच्या नोंदवहीत या गृहस्थांच्या वाट्याला आलेली ओळ अशी : अँटवर्प, २२ ऑगस्ट १९२०, मॅरेथॉन, एकोणिसावा क्रमांक, २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. एवढीच. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास एक ओळ पुष्कळ असते. ताम्रपटावरच्या दानाच्या एका ओळीवरून आपण अख्खा राजवंश उभा करतो. मग या ओळीनेच कोणता अपराध केला आहे?

प्रथम नावच पाहावे. फडेप्पा दरेप्पा चौगुले. पहिली दोन नावे उघड उघड कानडी वळणाची, तर आडनाव मराठी गावगाड्यातले. चौगुला म्हणजे पाटलाचा मदतनीस, गावच्या वतनदारांपैकी एक. बेळगावच्या मातीत अशी नावे घरोघर सापडतात, आणि ती धारण करणाऱ्यांस त्यांत काही विसंगती आहे असे वाटत नाही. पुढे या शहरावरून दोन प्रांतांत जो कलह माजला त्यात चौगुल्यांना कोणी आपल्या बाजूस ओढल्याचे आमच्या पाहण्यात नाही. दोन्ही भाषांनी त्यांस विसरण्याचे काम मात्र सारख्याच तत्परतेने केले आहे.

आता धावण्याकडे वळू. लांब पल्ल्याची धाव ही आमच्या देशात कोणी बाहेरून आणलेली कला नव्हे. पेशवाईतील पत्रव्यवहार ज्यांनी चाळला आहे त्यांस 'जासूद जोडी' हा शब्द पदोपदी आढळलेला असेल. पुण्याहून उत्तरेकडे, उत्तरेकडून पुण्याकडे, पत्रे घेऊन दोघे दोघे जासूद धावत. एक पडला, आजारी झाला, वा पकडला गेला, तर दुसऱ्याने मजकूर पोहोचवावा अशी त्यात योजना. दरबारातील मुत्सद्द्यांची सारी चतुराई या पायांवर चालली होती. पत्र चार दिवस उशिरा पावले म्हणून मसलत फसली, अशी वाक्ये आम्ही इतिहासकार सहज लिहून जातो. परंतु वेळेवर पावलेली जी शेकडो पत्रे, ती कोणी पावती केली याचा विचार फारसा करीत नाही. पुढे इंग्रजी अमलात टपाल आले तेव्हाही घाटांतून आणि कोकणच्या खाड्यांच्या काठाकाठाने थैली वाहिली ती धावणाऱ्या माणसानेच. खांद्यावर भाल्याला बांधलेली थैली आणि घुंगरांचा आवाज, हे चित्र आमच्या आजोबांच्या पिढीस ओळखीचे होते. सारांश, धावणे हा येथे धंदा होता, चाकरी होती. त्यास वेतन होते, क्वचित बक्षीसही होते. नव्हती ती कीर्ती.

गंमत अशी, की ज्या मॅरेथॉनचे नाव आज जगभर दुमदुमते तिचा मूळपुरुषही एक जासूदच होय. ख्रिस्तपूर्व ४९० मध्ये इराणी सैन्य मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा अथेन्सने मदत मागण्यासाठी स्पार्टाकडे एक निरोप्या धाडला. हेरोडोटसने त्याचे नाव नोंदविले आहे, आणि त्याचा धंदाही : ग्रीक भाषेत अशा माणसास दिवसभर धावणारा असा खास शब्द होता. विजयाची वार्ता अथेन्सला आणून तो कोसळला व मरण पावला, ही जी सर्वतोमुखी कथा, ती पुष्कळ शतकांनंतरच्या लेखकांनी रचलेली. हेरोडोटस तीबद्दल अक्षरही बोलत नाही. पण ग्रीकांनी आपल्या जासुदाचे नाव जपले आणि नंतरच्यांनी त्यावर कथा चढविली, हा भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. आमच्या दप्तरांत जासुदांचा हिशेब बिनचूक सापडतो. त्यांना काय दिले, केव्हा दिले, कोठवर दिले; फक्त पराक्रमाच्या सदरात त्यांस जागा नाही.

भाषेतही हीच गोष्ट उमटलेली दिसते. मराठीत 'धाव' या शब्दाभोवती करुणा आहे, भक्ती आहे, घाई आहे. स्पर्धा मात्र नाही. आपण देवाचा धावा करतो. संकटात कोणी धावून येतो. पंढरीच्या वाटेवर वेळापूरपाशी वारकरी धावत सुटतात त्यासही 'धावा' असेच म्हणतात. तेथे कोणी पहिला येत नाही आणि कोणी एकोणिसावाही येत नाही. 'शर्यत' हा शब्द अरबी 'शर्त' यापासून आलेला, म्हणजे मुळात पैजेचा. 'धावपटू' हा तर अलीकडच्या वर्तमानपत्रांचा. शब्दच नव्हता, तर मनुष्य दिसावा कसा?

याच्या उलट कुस्ती पाहा. मल्लास हौद आहे, लाल माती आहे, वस्ताद आहे, खुराक आहे. आणि मुख्य म्हणजे त्याच्या भोवती हजारो डोळे आहेत. शाहू महाराजांनी कोल्हापुरास खासबागेचे मैदान बांधविले ते १९१२ साली. त्याची रचनाच अशी, की शेवटच्या रांगेतील शेतकऱ्यासही डाव दिसावा. लांब पल्ल्याच्या धावणाऱ्याचे दुर्दैव हे, की तो प्रेक्षकांसमोरून निघून जातो. पहिल्या वळणाला तो दिसेनासा होतो, आणि दोन-अडीच तासांनी परत येतो. मधल्या वेळात त्याने काय सोसले हे त्याच्या शब्दावर मानावे लागते; आणि त्याला शब्दांची सवय नसते. संस्थानिकांचा आश्रय दिसणाऱ्या पराक्रमास मिळतो, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. बेळगाव-कोल्हापूरच्या तालमींत धावणे होतेच; परंतु ते दम वाढविण्याचे साधन म्हणून, जोर-बैठकांच्या पंगतीत शेवटी बसलेले.

ही स्थिती पालटण्यास आरंभ झाला तो पुण्यास, सन १९१९ मध्ये. डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झाली होती, आणि सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. जमशेदजींचे हे ज्येष्ठ चिरंजीव; केंब्रिजास शिकलेले आणि खेळांचे मनापासून षोकी. जिमखान्याने भरविलेल्या मैदानी शर्यती पाहण्यास ते आले तेव्हा त्यांच्या नजरेस जे पडले त्याचे वर्णन त्यांनी दहा वर्षांनंतर, १९२९ साली, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांस लिहिलेल्या पत्रात केले आहे. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे; शेतावर राबणारे, हलक्या अन्नावर वाढलेले. युरोपियन नियमांची किंवा शिक्षणाची त्यांस गंधवार्ता नाही. मैदान धड केलेले नाही. आणि असे असूनही लांब पल्ल्याच्या शर्यतींतील त्यांचे वेळ पाहून टाटा चकित झाले. ही मुले युरोपातील चांगल्या धावणाऱ्यांच्या जवळपास येत होती. त्यांपैकी निवडक मुले स्वखर्चाने ऑलिंपिकला पाठवावी असे त्यांच्या मनाने तेथेच घेतले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कानावर ही गोष्ट घालण्यात आली, आणि त्यांच्या खटपटीने १९२० च्या आरंभी हिंदुस्थानास अँटवर्पच्या सामन्यांत भाग घेण्याची परवानगी मिळाली.

टाटांच्या औदार्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्या पत्रातील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. टाटांच्या आधी या मुलांचे वेग कोणाला कळलेच नव्हते, कारण ते मोजणारे घड्याळ तेथे नव्हते. निवडीच्या खटपटीतील एक हकीकत सांगतात, ती खरी असो वा रचलेली, मार्मिक आहे. शंभर मीटरच्या शर्यतीस ऑलिंपिकमध्ये साधारण किती वेळ लागतो, असे विचारले असता कोणा पुढाऱ्याने 'एक-दोन मिनिटे' असे उत्तर दिले. तेथे मिनिटांचे नव्हे, सेकंदांच्या अंशांचे काम असते असे सांगितल्यावर त्यांस नवल वाटले. हसण्यासारखीच गोष्ट. पण जो समाज आपली धाव कोसांत आणि मुक्कामांत मोजीत आला, त्यास सेकंद कोठून ठाऊक असावा? तो वेग मोजीत नव्हता, पोहोचणे मोजीत होता. चौगुल्यांचे खरे ऐतिहासिक महत्त्व आम्हांस येथे वाटते. जासुदांच्या लांबलचक परंपरेत ज्याची धाव जगाच्या घड्याळावर उतरली आणि नावासकट उतरून राहिली, अशा अगदी पहिल्या माणसांपैकी ते एक होत.

पुण्यातील निवडीनंतर जो संघ ठरला त्यात चौगुल्यांखेरीज सदाशिव दातार व कैकाडी हे धावणारे, बंगालचे पूर्मा बॅनर्जी, आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. नावांवर दृष्टी टाकली तर हा संघ म्हणजे बहुतांशी मुंबई इलाख्याचा आणि त्यातही दख्खनचा, हे उघड होते. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदके मिळविली होती खरी. परंतु ते कलकत्त्यात जन्मलेले इंग्रज, आणि एकटे. हिंदुस्थानचा म्हणून संघ गेला तो हा पहिला. जून महिन्यात मंडळी मुंबईहून बोटीत बसली, आणि अँटवर्पला जाण्यापूर्वी काही आठवडे त्यांनी लंडनला सराव केला.

हा साम्राज्याचा देखावा होता, की हिंदी राष्ट्राचा प्रथम प्रवेश? दोन्ही मते ऐकू येतात. आम्हांस वाटते, दोन्ही खरी आहेत. आदल्या वर्षी व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानची वेगळी सही झाली होती. राष्ट्रसंघात हिंदुस्थानास वेगळी खुर्ची मिळाली होती. सही कोणाच्या हातची आणि खुर्चीवर कोण बसणार हे लंडनला ठरत होते, तरी खुर्ची वेगळी होती. त्याच न्यायाने ऑलिंपिकमध्येही एक वेगळी जागा निघाली. ज्यांच्या नावाने ती निघाली ते व्हाइसरॉय किंवा महाराजे नव्हते. शेतकऱ्यांची आणि तालमींतली पोरे होती, हा तेवढा फरक.

पण इकडे महाराष्ट्रात त्या दिवसांत काय चालले होते? १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले. चौपाटीवरील त्या अग्नीची धग ज्या पिढीने अनुभवली तिला पुढे कित्येक दिवस दुसरे काही सुचले नाही, यात आश्चर्य कसले? त्याच तारखेस गांधीजींच्या असहकारितेस आरंभ झाला. शाळा सोडाव्या की नाही, कौन्सिलांत जावे की नाही, यावर घराघरांत वाद पेटले. टिळकांच्या मृत्यूला बरोबर एकवीस दिवस झाले त्या दिवशी, समुद्रापलीकडे, बेळगावचा एक मनुष्य बेल्जियमच्या रस्त्यावर धावत होता. त्याच्याकडे पाहण्यास महाराष्ट्राला डोळा मोकळा नव्हता. आमची विस्मृती केवळ कृतघ्नतेतून आलेली नाही. ती वेळेच्या दुर्दैवातूनही आली आहे.

अँटवर्प शहर महायुद्धातून नुकतेच उठलेले. बेल्जियमने जे सोसले त्याचा सन्मान म्हणून हे सामने तेथे भरले; जर्मनी, ऑस्ट्रिया आदी पराभूत राष्ट्रांस बोलावणेच नव्हते. पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिंपिकमध्ये प्रथम फडकला तो येथे, आणि खेळाडूंची शपथ प्रथम उच्चारली गेली तीही येथेच. दहा हजार मीटरांच्या शर्यतीतही चौगुल्यांचे नाव होते; तेथे त्यांस अंतिम फेरी लाभली नाही. ती शर्यत जिंकणारा पावो नुर्मी हा फिनलंडचा तरुण पुढे त्या शतकाचा विस्मय ठरावयाचा होता, तेव्हा त्याबद्दल फार हळहळण्याचे कारण नाही. नुर्मीच्या त्या विजयानंतर दोनच दिवसांनी मॅरेथॉन होती.

येथे मॅरेथॉनच्या लांबीविषयी थोडे विषयांतर करणे भाग आहे, कारण चौगुल्यांच्या आकड्याचा सारा अर्थ त्यात दडलेला आहे. आज हे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असते, आणि ते पुरातन काळापासून तसेच असावे अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः १८९६ साली अथेन्सला ते सुमारे चाळीस किलोमीटर होते. १९०८ साली लंडनला राजवाड्यातून आरंभ आणि राजकुटुंबाच्या आसनापुढे शेवट, अशी व्यवस्था करण्याच्या भरात ते ४२.१९५ झाले, १९१२ ला स्टॉकहोमला पुन्हा चाळीसच्या आसपास उतरले. लंडनचे अंतर हेच प्रमाण, असा ठराव झाला तो १९२१ साली, म्हणजे अँटवर्पनंतर. अँटवर्पच्या चालकांनी आपल्या रस्त्यांच्या सोयीने जी वाट आखली ती भरली ४२ किलोमीटर ७५० मीटर. ऑलिंपिकच्या इतिहासात इतकी लांब मॅरेथॉन ना आधी झाली, ना नंतर. चौगुल्यांच्या वाट्याला नेमकी तीच आली!

हानेस कोलेमाइनेन या फिनलंडच्या वीराने ती २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. १९१२ साली तीन सुवर्णपदके मिळविलेला हा मनुष्य मधल्या युद्धाच्या वर्षांत अमेरिकेस जाऊन गवंडीकाम करीत होता. एस्टोनियाचा युरी लॉसमन त्याच्यामागून अवघ्या तेरा सेकंदांच्या आत पोहोचला. सुमारे पन्नास जण निघाले होते, आणि त्यांतील कित्येकांनी वाटेत शर्यत सोडली. चौगुले एकोणिसावे आले. पहिल्यापासून अठरा मिनिटे दहा सेकंद मागे.

अठरा मिनिटे हे अंतर मोठे आहे, ते लहान करून दाखविण्याचा आमचा विचार नाही. परंतु हिशेब पुरा करावा. ४२.७५ किलोमीटरांस २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद, म्हणजे दर किलोमीटरास चार मिनिटांहून किंचित कमी. याच गतीने आजचे प्रमाण अंतर धरले तर वेळ पडते सुमारे २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंद. आता पुढची पाने उलटा. १९५२ साली हेलसिंकीला दिल्लीकडील सुरतसिंग माथुर धावले. स्वतंत्र भारतातर्फे ऑलिंपिक मॅरेथॉन पुरी करणारे ते पहिले. त्यांचा क्रमांक बावन्नावा, वेळ २ तास ५८ मिनिटे ९ सेकंद. शहर निराळे, हवा निराळी, रस्ता निराळा. तेव्हा अशा तुलनेस फार ताणू नये हे आम्ही जाणतो. तरीही बत्तीस वर्षांनंतर, स्वराज्य आल्यानंतर, आमचा प्रतिनिधी बेळगावच्या त्या माणसाच्या मागे होता, आणि तो माणूस अर्धा किलोमीटर अधिक धावला होता, ही वस्तुस्थिती राहतेच. १९७६ मध्ये माँट्रियलला शिवनाथसिंग अकरावे आले, २ तास १६ मिनिटे २२ सेकंदांत, तेव्हा कोठे ऑलिंपिकमधील आमची मॅरेथॉन खऱ्या अर्थाने पुढे सरकली. शिवनाथसिंगांनी दोन वर्षांनी जालंधरला २ तास १२ मिनिटांचा जो राष्ट्रीय उच्चांक केला तो चाळीस वर्षांहून अधिक काळ कोणास मोडता आला नाही. गती वाढण्यास पायांखेरीज किती गोष्टी लागतात हे यावरून दिसावे.

१९२० च्या संघावर जे लिहिले जाते ते वाचताना आमच्या मनास एक गोष्ट नेहमी टोचते. टाटांचे पत्र त्यात येते; गव्हर्नर येतो; संघाबरोबर गेलेले सोहराब भूत येतात; कोणी किती वर्गणी दिली ते येते. आणि ज्यांनी धावायचे ते 'शेतकरी वर्गातील मुले' या एका शब्दसमूहात मावतात. याला कोणाचा दुष्टावा कारण नाही. टाटा पत्र लिहू शकत होते आणि ते जपून ठेवणारी कचेरी होती. चौगुल्यांनी जे लिहिले ते रस्त्यावर, पायांनी. आम्ही ज्या विद्येचा व्यवसाय करतो तिची ही जुनी खोड आहे : जे कागदावर सापडते तेच घडले असे मानावयाचे. पेशव्यांच्या पत्रातला मजकूर आम्ही अक्षर अक्षर लावून वाचतो, आणि ते पत्र घेऊन तीनशे कोस धावलेल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. अँटवर्पला प्रथमच असे घडले, की निरोप कोणाचाच नव्हता. धावणाराच स्वतःचा मजकूर होता. आणि तरीही आम्ही सवयीप्रमाणे पाठविणाऱ्याचेच नाव वाचले.

ग्रीसची गोष्ट पाहा. १८९६ ची मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुईस हा अथेन्सजवळच्या मारूसी गावचा पाणक्या. तोही गरीब, तोही खेड्यातला. जिंकून तो आपल्या गावी परत गेला. पण देशाने त्यास सोडले नाही. चाळीस वर्षांनी, १९३६ साली, त्यास बर्लिनच्या सामन्यांस सन्मानाने नेण्यात आले, आणि २००४ च्या ऑलिंपिकचे मोठे क्रीडांगण त्याच्या नावाने ओळखले जाते. कोणी म्हणेल, तो पहिला आला होता, चौगुले एकोणिसावे. आक्षेप रास्त आहे. पण जिंकणाऱ्यासच स्मरावे असा नियम केला तर आमच्या इतिहासातील पानिपतही पुसून टाकावे लागेल!

त्याच संघातील रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. पदक एका कुस्तीने हुकले. त्यांची आठवण तालमींतून थोडीफार राहिली, आणि १९५२ साली गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणले तेव्हा कुस्तीच्या त्या ओळीस एक मोठे नाव मिळाले. जाधवांसही जिवंतपणी पुरता मान मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पण निदान त्यांची मिरवणूक तरी निघाली. हौदाभोवतीचे डोळे तेथेही कामी आले.

आता दिवस पालटले आहेत हे कबूल केले पाहिजे. नाशिकजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरांत कांस्य मिळविले. माणदेशातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचून दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळ्यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमला त्याच शर्यतीत रौप्य घेतले, आणि ते घेताना केनियाच्या धावणाऱ्यांची वर्षानुवर्षांची फळी फोडली. मुलूख पाहावा : आदिवासी पाडा, दुष्काळी माळ, ऊसतोडीला जाणारा जिल्हा. टाटांनी १९१९ साली पुण्यास जे पाहिले तेच हे. मधल्या शंभर वर्षांत आली ती लष्कराची, रेल्वेची, तेल महामंडळाची नोकरी, आखलेला मार्ग, शिकविणारा, आणि घड्याळ. चौगुल्यांजवळ यांपैकी लंडनचे काही आठवडे सोडले तर काय होते?

हे सर्व आम्ही त्या मुलांस सांगितले असे नव्हे. त्यांस उशीर होत होता, आणि प्राध्यापकाचे बोलणे उभ्याने ऐकण्याची एक मर्यादा असते. आम्ही फक्त आकडा सांगितला. त्यांतील घड्याळ धरणारा मुलगा हिशेबात पक्का निघाला, त्याने मोबाईलवर बोटे चालवून म्हटले, "म्हणजे सर, आमच्या सोळाशे मीटरला सहा मिनिटं तेवीस सेकंद. भरतीत एवढ्याला मार्क कमी पडतात."

"खरे आहे," आम्ही म्हणालो. "पण असे सोळाशे मीटर किती वेळा?"

त्याने पुन्हा बोटे चालविली. "सव्वीस वेळा. आणि वर आणखी अकराशे पन्नास मीटर." मग तो काही बोलला नाही. बाकीच्यांपैकी एक जण चुन्याच्या शेवटच्या खुणेपाशी गेला, तेथून पलीकडे डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला, आणि वळून त्याने विचारले, "सर, ते नाव परत सांगा ना. कसं लिहायचं?"

आम्ही अक्षरे सांगितली, आणि त्याने ती टिपून घेतली.